अमोशाचाचाची काच

अमावास्येच्या दिवशी उमरखेडात कोणी नवं काम हाती घेत नसे, की विनाकारण गावाबाहेर पाऊल टाकत नसे. नेमके त्याच दिवशी अमोशाचाचा दुकानाला कुलूप घालून सायकलवर निघत. कॅरियरला लाकडी कॅमेरा घट्ट बांधलेला, दांडीला तिपाई, हँडलला भाकरीचं फडकं. रस्त्यातल्या बाया ओरडत, "अहो फोटोवाले, आज अमोशा हाये!" चाचा सायकल न थांबवता म्हणत, "म्हनूनच तं चाललो, बाई. चांदनं पडलं का तारे मरतात." त्यांचं खरं नाव दुकानाच्या पाटीवर होतं, पण ते घ्यायची गावाला कधी गरज पडली नाही. पोरांपासून फौजदारापर्यंत सगळे त्यांना अमोशाचाचाच म्हणत आणि ते त्या नावाला ओ देत.

त्यांची थोरवी सांगायला मी हे लिहीत नाही. एका दुपारी माझ्या हातून त्यांचं जे गेलं, ते कुठेतरी सांगून टाकायचं आहे. पण ते काय होतं हे कळायला आधी माणूस कळला पाहिजे.

१९५६ च्या पावसाळ्यात मी भूगोलाचा मास्तर होऊन यवतमाळहून उमरखेडला आलो आणि चाचांच्या अंगणातली एक खोली भाड्याने घेतली. पहिल्याच उघडिपीच्या संध्याकाळी ते माझ्या दारात उभे राहिले. "मास्तर, ध्रुव दाखवा बरं." मी उत्तरेकडे तोंड केलं आणि जो सगळ्यात लखलखीत होता त्या ताऱ्याकडे ऐटीत बोट दाखवलं. चाचा हसले नाहीत, हे त्यांचे उपकार. "तो नाही, बापा. ध्रुव इतका चमकत नाही. गरीब हाये तो. पन जागा सोडत नाही." मग जरा थांबून, अगदी काळजीने, "मंग लेकरांले काय शिकवता तुमी?" मी तेवीस वर्षांचा, बी.ए. झालेला, स्वतःला बराच शहाणा समजणारा. त्या दिवसापासून चौथी नापास माणसाने मला माझाच विषय शिकवायला घेतला.

पोटासाठी चाचा माणसांचे फोटो काढत. लग्नं, शाळेचे घोळके, अन् घरातलं कोणी वारलं तर त्याला भिंतीशी टेकवून बसवून काढलेला शेवटचा फोटो. हे सगळं ते नीट करत, पण जीव रमत नसे. "मानूस कॅमेऱ्यासमोर बसला का खोटा होते," ते म्हणत. "डोंगर खोटा होत नाही. तारा तं बिलकूल नाही." डोंगराचे आणि ताऱ्यांचे फोटो कोणी विकत घेत नव्हतं. चाची वैतागून म्हणायची, "आसमान का फोटो कौन लेगा जी? सबके सर पे फुकट टंगा है." चाचा तिला दुजोरा द्यायचे आणि पुढच्या अमावास्येला पुन्हा निघायचे.

फोटो धुवायच्या त्यांच्या अंधाऱ्या खोलीच्या दारावर आतून कोळशाने सालभराचा बेत लिहिलेला असे. बारा महिन्यांचे बारा रकाने. मार्गशीर्ष-पौषात कोरडं आभाळ, म्हणून पैनगंगेच्या काठी मुक्काम. फाल्गुनात पळस पेटतो तेव्हा महागावकडच्या टेकड्या. श्रावणात धबधबा, अश्विनात शेतावरचं धुकं. शेजारी पंचांग टांगलेलं आणि त्यातल्या साऱ्या अमावास्या लाल पेन्सिलीने खुणावलेल्या. गावातले भटजी एकदा तिथी पाहायला त्यांच्याकडे आले होते, ही गोष्ट चाचा कधी सांगत नसत. चाचीच सांगायची, तीही दर ईदला.

या बेतात चैत्र-वैशाखाचे रकाने अर्धवट असत. फोटो काढायचा, पण धुवायचा नाही. "होळी झाली का काच झोपली," हा त्यांचा नियम. त्या वेळी त्यांचे फोटो काचेवर उमटत. काचेला एका बाजूने मसाल्याचा पातळ थर दिलेला असे आणि चित्र त्या थरात असे. औषधाचं पाणी गार असलं तर थर काचेला धरून राहायचा. पाणी जरा कोमट झालं की सुटून यायचा. आमच्याकडे वैशाखात माठातलं पाणीसुद्धा तोंड भाजू नये इतपतच गार असतं. म्हणून उन्हाळ्यातल्या लग्नाच्या काचा काळ्या कागदात गुंडाळून, डब्यात घालून, माठाखालच्या ओल्या रेतीत पुरलेल्या असत आणि पाऊस लागला की बाहेर निघत. नवरी सासरी जाऊन, माहेरचं मूळ न्यायला येऊन, पहिल्या सणाला परत आली तरी लग्नाचा फोटो नाही. लोक दुकानासमोर तावातावाने भांडायचे. चाचा शांतपणे म्हणायचे, "आज पायजे असन तं कोरी काच देतो. धुऊ?"

पाण्याच्या बाबतीत ते फार कडक होते. त्यांची तापमापी कधीच फुटली होती आणि दुसरी त्यांनी आणली नाही, कारण त्यांचा हातावर भरवसा होता. मात्र उन्हातून आलेल्या हाताने पाणी पाहायचं नाही. आधी अर्धा तास हात ओल्या रेतीत खुपसून बसायचं, मग पाण्यात बोट घालायचं. "तापलेल्या हाताले सारंच थंड लागते, मास्तर. हात पहिले निवला पायजे." मी एकदा न निवलेलं बोट त्यांच्या घमेल्यात घातलं तर त्यांनी ते सगळं पाणी माझ्यादेखत अंगणात ओतून टाकलं.

दुसरी एक सवय मला फार गमतीची वाटे. मिट्ट अंधारात काच कॅमेऱ्याच्या चौकटीत बसवताना मसाल्याची बाजू कुठली हे डोळ्यांना कळत नाही. चाचा काचेचा कोपरा खालच्या ओठाला लावत. मसाल्याची बाजू ओठाला हलकेच चिकटे. नुसती काच गुळगुळीत निसटे. "ओठ कधी फसत नाही," ते सांगत. मी चाचीसमोर यावर काहीबाही विनोद करायचो आणि ती पदर तोंडाला लावून आत पळायची.

त्या हिवाळ्यात मी त्यांच्याबरोबर तीन अमावास्यांना गेलो. पैनगंगेच्या वाळूत तिपाई रोवून, कॅमेऱ्याचं तोंड उघडून, ते मनगटावर बोटं ठेवून स्वतःच्या नाडीवर वेळ मोजत. मला काही गोष्टी खटकू लागल्या होत्या. ते माझ्या खांद्यावर हात ठेवून चालत, आणि मला वाटे माया आहे. बाजूने कोणी पाणी पुढे केलं तर त्यांना दिसत नसे. पौषात ते सपाट वाटेवर एका धोंड्याला अडखळून पडले आणि कॅमेरा छातीशी धरून, गुडघे फुटलेले असताना मला म्हणाले, "धोंडा नवा हाये." धोंडा बैलगाडीएवढा जुना होता. मी त्यांना हात देऊन उठवलं. तेव्हा विचारलं असतं तर माझ्या हातून गेलेली ती काच हिवाळ्यातच धुऊन झाली असती... पण नाही, त्या काचेचा तारा तर अजून यायचा होता.

एप्रिलमध्ये वर्तमानपत्रात बातमी आली की आभाळात शेपटीचा तारा दिसू लागला आहे. सूर्य बुडाल्यावर वायव्येला, थोडाच वेळ, आणि आठवड्याभरात जाणार. चाचांनी बातमी माझ्याकडून तीनदा वाचून घेतली. दारावरच्या चैत्राच्या रकान्यात त्यांनी फक्त एक रेघ ओढली. ताऱ्यांसाठी लागणाऱ्या तेज मसाल्याची त्यांच्याकडे एकच काच उरली होती. नागपूरहून मागवलेला डबा आला नव्हता. चैत्री अमावास्येला आम्ही मोटारीने, मग पायी, फुलसावंगीच्या पुढच्या टेकडीवर पोचलो. खाली बंजाऱ्यांचा तांडा होता. तांड्याचा म्हातारा नायक चाचांना वर्षानुवर्षं ओळखायचा. तो म्हणाला, "चाचा, त्या अपशकुनी झाडणीकडं कायले पाहता? घरात चाला, भाकर खा." चाचा म्हणाले, "झाडनी असन तं आभाय झाडून जाईन, नायक. तेवढाच फोटो घेतो."

आभाळ निवळत गेलं आणि तो दिसला. एका उघड्याबोडक्या मोहाच्या झाडावर, वर पसरलेल्या शेपटीसह, स्थिर. मी म्हणालो, "चाचा, आला!" चाचा तिपाईशी उभे होते. त्यांचं तोंड भलतीकडे होतं.

"कुठं?" ते म्हणाले.

मी दाखवलं. त्यांनी मान फिरवली, पुन्हा फिरवली. मग हळूच म्हणाले, "मास्तर, मले तं झाड पन दिसून नाही राह्यलं."

मग त्यांनी सांगितलं. माघात ते 'माल आणायला' म्हणून नागपूरला गेले होते, ते डोळ्यांच्या डॉक्टरकडे. काचबिंदू. दोन्ही डोळ्यांत, आणि फार पुढे गेलेला. भर उन्हात नळीतून पाहावं तेवढं दिसे. दिवस कलला की काहीच नाही. डॉक्टर म्हणाला होता की फार तर दिवाळी. चाचीला माहीत नव्हतं. "जनमभर काच हाताळली, आता डोयात जाऊन बसली," ते म्हणाले आणि हसायचा प्रयत्न केला, पण तो त्यांना जमला नाही.

कॅमेरा मी लावला. ते विचारत गेले, मी सांगत गेलो. झाड किती, आभाळ किती, शेपटी कुठवर. काच त्यांनी स्वतः ओठाला लावून चौकटीत बसवली, आणि नाडीवर बोटं ठेवून मोजणंही त्यांनीच केलं. तोंड बंद केल्यावर ते खाली बसले आणि माझा हात धरून म्हणाले, "तुमी पाह्यला ना? मंग मी पन पाहीन. काच उन्हात धरली का मले अजून दिसते. हा एकच पाहाचा राह्यला." आयुष्यभर आभाळाकडे पाहिलेल्या माणसाला तो तारा फक्त त्या काचेतच दिसणार होता, आणि तोही त्याचे डोळे टिकले तर. परतताना मी सारखा ती चौकट चाचपत होतो.

काच माठाखालच्या रेतीत गेली. पाऊस लागू दे, पाणी निवू दे, मग धुऊ, असं ठरलं. जून-जुलै, म्हणजे दोन-अडीच महिने. पण वैशाखाच्या मध्यावर चाचांचा डावा डोळा दुखायला लागला आणि दोन दिवसांत विझला. उजवाही धुरकट झाला. त्या सकाळी चाची माझ्या खोलीत आली. ती कधी उंबऱ्याच्या आत येत नसे. "मास्टरसाब, आज मेरा मुँह नहीं दिखा इनको," ती म्हणाली आणि भिंतीला धरून खाली बसली. "वो काँच को पूछ रहे हैं. कुछ करो."

मी बर्फ आणायचं ठरवलं. उमरखेडात बर्फ नव्हता. मी यवतमाळला गेलो, रात्री घरी टेकलो, पहाटे बर्फाची लादी भुशात घालून, पोत्यात गुंडाळून, पत्र्याच्या पेटीत भरली आणि पहिली मोटार धरली. पुसदच्या अलीकडे मोटारीचं टायर फुटलं. ऊन असं होतं की मोटारीच्या पत्र्याला हात लावता येत नव्हता. मी पेटीवर माझं धोतर, पांघरूण, जे होतं ते टाकलं आणि तिच्यावर सावली पडेल असा उभा राहिलो. एका बाईने तापाने फणफणलेल्या लेकराच्या कपाळावर ठेवायला बर्फाचा खडा मागितला. मी नाही म्हणालो. ती बाई मला अजून आठवते. चार तासांनी मोटार सुरू झाली. उमरखेडला पेटी उघडली तेव्हा आत भुशाचं पाणी होतं आणि त्यात दोन मुठी बर्फ.

चाचा म्हणाले, "उद्या पहाटे करू. विहिरीचं पानी खालचं असते, जरा बरं असते." मी म्हणालो, उद्या हा बर्फही नसेल. उद्या तुमचा डोळा, एवढं म्हणून मी थांबलो. चाचीने माझ्याकडे पाहिलं. चाचांनी माठाखालच्या रेतीतला डबा चाचपला. मग म्हणाले, "तुमी म्हनता तं आज."

अंधाऱ्या खोलीत दोघं शिरलो. दार लावल्यावर आम्ही सारखेच आंधळे झालो आणि चाचांच्या हालचालीत एकदम पूर्वीची चपळाई आली. त्यांनी काळा कागद सोडला. काच त्यांच्या दोन्ही हातांत होती, म्हणून पाण्याचं माझ्याकडे होतं. मी बर्फाचं पाणी आणि माठाचं पाणी औषधाच्या घमेल्यांत ओतलं.

"हात निवला काय, मास्तर?"

चार तास उन्हात तापलेला माझा हात रेतीत घातलेलाच नव्हता. अर्धा तास थांबायचा धीर नव्हता. "हो," मी म्हणालो.

"पानी कसं हाये?"

"थंडगार आहे, चाचा." आणि देवाशपथ, मला ते थंडगार लागत होतं.

त्यांनी काच औषधात सोडली, घमेलं हलवत राहिले, नाडी मोजली, लाकडी चिमट्याने कड धरून काच चित्र पक्कं करणाऱ्या दुसऱ्या पाण्यात टाकली. सगळं नीट झालं. "आता दार उघडा. अंगनात नेऊन धुवा. वाळली का मले द्या," ते म्हणाले, आणि चाचीचा हात धरून पडवीतल्या बाजेवर जाऊन बसले, तोंड उन्हाकडे करून.

मी घमेलं तसंच अंगणात नेलं आणि काच उन्हात उचलली. चित्र आलं होतं. उलटं चित्र असतं तसं: तारा काळा, शेपटी कोळशाने ओढल्यासारखी काळी, मोहाचं झाड पांढरंशुभ्र, एकेक फांदी मोजता यावी असं. मी हाक मारायला तोंड उघडलं. तेवढ्यात कोपऱ्यातून थर सुरकुतला, दुधावरची साय सरकावी तसा माझ्या अंगठ्यावरून घसरला आणि पाण्यात पडून गोळा झाला. मी तो बोटांनी उलगडायचा प्रयत्न केला. बोटांत नुसता बुळबुळीत काळपट चिखल आला. घमेल्यात हात तसाच ठेवून मी किती वेळ बसलो कोण जाणे. पण हात निवल्यावर मला कळलं की पाणी कोमट आहे. चांगलं कोमट.

"मास्तर, आलं काय?" पडवीतून आवाज आला.

"आलंय, चाचा," मी म्हणालो.

"वाळली?"

"वाळली."

"इतक्या लवकर?"

"ऊन फार आहे."

मी कोरी काच त्यांच्या हातात दिली. चाचीने ती पाहिली आणि तोंडावर पदर घेतला. चाचांनी काच डोळ्यासमोर उन्हात धरली, जवळ नेली, दूर नेली. त्यांच्या चेहऱ्यावर नुसता उजेड पडला होता. मग त्यांनी ती खाली आणली आणि कोपरा खालच्या ओठाला लावला. उलटी केली. पुन्हा लावला. मी त्या ओठाकडे पाहत होतो आणि मला जमिनीने गिळावं असं वाटत होतं.

"लय चांगली आली, मास्तर," चाचा म्हणाले. "झाड पन आलं काय?"

"आलं. फांदी न् फांदी."

"शेपटी?"

"झाडाच्या शेंड्यापासून वर. शेवटी पसरलेली."

"सांगा," ते म्हणाले, "अजून सांगा." मी सांगत राहिलो. एक शब्द खोटा सांगितला नाही. मी पाहिलं होतं तेवढं सगळं सांगितलं, आणि ते मान हलवत ऐकत होते, त्या कोऱ्या काचेवरून अंगठा फिरवत.

आषाढात उजवा डोळाही गेला. दुकान बंद झालं; चाची शिवणकाम करू लागली. चाचा कधी त्या दुपारबद्दल बोलले नाहीत. दर अमावास्येला मला अंगणात बसवून ते आभाळ विचारायचे, आणि मी सांगायचो. चुकलो तर ते बरोबर धरायचे. मला आज जे तारे ओळखता येतात ते एका आंधळ्या माणसाने दाखवलेले आहेत. माझ्यावर एकदा तरी ओरडा, शिव्या द्या, असं मला किती वेळा वाटलं. त्यांनी तेवढंही केलं नाही.

१९६१ मध्ये माझी यवतमाळला बदली झाली. चाची त्यांना हाताला धरून मोटारस्टँडवर घेऊन आली. मी पाया पडायला वाकलो तर त्यांनी माझा उजवा हात दोन्ही हातांत घेतला आणि तळवा, मग एकेक बोट चाचपलं, पाणी पाहावं तितक्या सावकाश.

"हात निवला काय आता, मास्तर?"

त्यांना सगळं माहीत होतं. पहिल्या दिवसापासून माहीत होतं. मी मोटारीत चढलो. मोटार सुटली आणि ते भलतीकडे तोंड करून हात हलवत राहिले.

तीन वर्षांनी चाचा गेले. मी उशिरा पोचलो. चाचीने काळ्या कागदात गुंडाळलेली ती काच माझ्या हाती ठेवली. त्यांच्या चांगल्या काचांवर असे तशी वर चिठ्ठी होती, आंधळ्या माणसाच्या एकमेकांवर चढलेल्या अक्षरांत: 'चैत्र अमोशा, फुलसावंगीची टेकडी. चांगली आली.'

ती माझ्या कपाटात आहे. वैशाखात कधीतरी काढतो आणि कोपरा ओठाला लावून पाहतो. एक बाजू, मग दुसरी. दोन्ही गुळगुळीतच लागतात.